यंत्राचा कागद आणि त्याचा वाचक



या लेखाचा मथळा वाचून तुमच्यापैकी काहींना नवल वाटेल. मराठी आणि इतिहास शिकविणाऱ्या बाईंनी पंप, झडपा आणि आराखडे यांविषयी लिहावे, हा अधिकाराबाहेरचा उद्योग नव्हे काय? शंका रास्त आहे. मी कलाशाखेची पदवीधर. यंत्र उघडून पुन्हा जोडण्याची विद्या माझ्यापाशी नाही. परंतु यंत्राबरोबर एक कागद येतो, आणि तो कागद भाषेत लिहिलेला असतो. त्याचे बरेवाईट पारखणे हे भाषा शिकविणाऱ्याचेही काम आहे, असे मला एका प्रसंगाने पटविले. तो प्रसंग आधी सांगते.

गेल्या हिवाळ्यात औराद तालुक्यातील आपल्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी विहिरीवर नवा पंप बसविला. वडिलांना वाचनाचा सराव बेताचाच. म्हणून पंपाबरोबर आलेली पुस्तिका मुलाने मोठ्याने वाचावी आणि वडिलांनी तसतसे करीत जावे, असे ठरले. चौथ्या पानावर वाक्य होते: ‘जोडणी पूर्ण झाल्यावर स्टार्टरचे हिरवे बटण दाबून पंप सुरू करावा.’ मुलाने वाचले. वडिलांनी बटण दाबले. मोटार घुमू लागली, पण पाणी येईना. खोल विहीर आहे, वर यायला वेळ लागत असेल, असे समजून दोघे वाट पाहत राहिले. थोड्या वेळाने जळका वास आला आणि पंप बंद करावा लागला. आतील सील जळून गेले होते.

सहाव्या पानावर, ‘सर्वसाधारण सूचना’ या मथळ्याखाली, बारीक टायपात अकरावी सूचना अशी होती: ‘पंप सुरू करण्यापूर्वी पादझडपेपासून पंपापर्यंतचा सर्व भाग पाण्याने भरला गेल्याची खात्री केली जावी, कोरड्या अवस्थेत पंप चालविला जाऊ नये.’

दुरुस्ती होईपर्यंत हरभऱ्याचे दुसरे पाणी चुकले. गावात बोलणे झाले ते असे: ‘पोराला शाळेत घातलं, पण साधं पुस्तक नीट वाचता आलं नाही.’ त्या दिवसापासून हा मुलगा वर्गात उभा राहून वाचीनासा झाला. कारण विचारले तेव्हा त्याने दुसऱ्या दिवशी ती पुस्तिकाच आणून माझ्यापुढे ठेवली.

मी ती दोनदा वाचली. मुलाने एक अक्षरही चुकीचे वाचले नव्हते. छापलेल्या क्रमाने वाचले आणि छापलेल्या क्रमानेच काम झाले. दोष वाचनाचा नव्हता. दोष पानाचा होता. जे सर्वांआधी करावयाचे, ते सर्वांमागून आणि सर्वांत लहान अक्षरांत सांगितले होते. सूचना पुस्तिकेत होती, परंतु ती ज्या क्षणी हवी त्या क्षणी वाचकापुढे नव्हती.

उद्या तुमच्यापैकी कोणी इंजिनिअर होईल, कोणी ओव्हरसिअर, कोणी वायरमन. तुम्हीही असे कागद लिहाल, किंवा दुसऱ्याने लिहिलेल्या कागदावर विसंबून काम कराल. म्हणून असा कागद कसा लिहावा आणि कसा मांडावा, याचा आज थोडा अभ्यास करू.

१. लिहिणाऱ्याची सोय आणि वाचणाऱ्याची सोय

तुमच्यापैकी काहींच्या घरी जुन्या पेटीत मोडी लिपीतील कागद असतील. मोडीत आधी ओळीची आडवी रेघ ओढीत आणि मग तिच्याखाली शक्यतो हात न उचलता अक्षरे लिहीत जात. शब्दाशब्दांत जागा सोडण्याचीही प्रथा नव्हती. लिहिणे झपाट्याने होई, यात शंका नाही. परंतु वाचणारा नवखा असेल तर शब्द कोठे संपला येथपासून त्याची परीक्षा सुरू होई. बाळबोध लिहावयास वेळ लागतो. पण लहान मूलही ती अक्षरे लावून वाचते. थोडक्यात, मोडी ही लिहिणाऱ्याच्या सोयीची लिपी आणि बाळबोध ही वाचणाऱ्याच्या सोयीची. छापखाने आले तेव्हा पुस्तकांसाठी मुख्यतः बाळबोधच रूढ झाली, हे साहजिक होते. कारण छापील मजकूर एकदाच जुळवावयाचा आणि हजारांनी वाचावयाचा असतो.

हा भेद यंत्राच्या कागदाला तंतोतंत लागू पडतो. यंत्र बनविणाऱ्याच्या मनात यंत्राची रचना भागांच्या क्रमाने असते: प्रथम मोटार, मग पंप, मग नळ, शेवटी किरकोळ सूचना. तो लिहितोही त्याच क्रमाने. वाचणारा मात्र विहिरीच्या काठावर उभा असतो. त्याचा एक हात यंत्रावर आणि एक हात पुस्तिकेवर असतो. क्वचित हाताला तेल-माती लागलेली असते. त्याला कामाचा क्रम हवा असतो. आधी काय, नंतर काय, आणि काय मुळीच करावयाचे नाही, हे त्याचे तीन प्रश्न. कागद कोणाच्या मनाच्या क्रमाने लिहावा, याचे उत्तर बाळबोधीने आपल्याला फार पूर्वी देऊन ठेवले आहे.

२. चाळीस फुटांची पासोडी

कठीण विषय नजरेपुढे मांडून समजावण्याची युक्ती परदेशातून आली, असा एक समज असतो. आपल्या भागाशी नाते असलेले एक उदाहरण याच्या उलट साक्ष देते. संतकवी दासोपंत (१५५१–१६१५) यांचा जन्म तेव्हाच्या बीदरच्या राज्यातील नारायणपेठचा. वडिलांकडून साऱ्याची भरपाई न झाल्याने बालवयात त्यांना बीदरला ओलीस ठेवले होते, अशी परंपरागत कथा आहे. पुढे त्यांचे वास्तव्य अंबाजोगाईस झाले. तेथे त्यांनी ‘पंचीकरण’ हा वेदान्तातील क्लिष्ट विषय सुमारे ४० फूट लांब व ४ फूट रुंद अशा एका पासोडीवर, म्हणजे जाड्याभरड्या कापडावर, लिहून काढला. ओव्यांच्या जोडीला त्यांनी आकृत्या आणि कोष्टके यांचाही उपयोग केला. हा ग्रंथ ‘पासोडी’ याच नावाने ओळखला जातो.

विषय अध्यात्माचा, यंत्राचा नव्हे. परंतु तो मोजमापाचा आणि विभागणीचा आहे, म्हणून तो आपल्या उपयोगी पडतो. पंचीकरणाचा मूळ सिद्धान्त असा: पृथ्वी, आप, तेज, वायू आणि आकाश या पाच सूक्ष्म तत्त्वांपैकी प्रत्येकाचे दोन समान भाग करावयाचे, एक अर्धा तसाच ठेवावयाचा, दुसऱ्या अर्ध्याचे चार समान भाग करून ते उरलेल्या चार तत्त्वांना एकेक द्यावयाचे. म्हणजे स्थूल पृथ्वीत अर्धा भाग पृथ्वीचा आणि आप, तेज, वायू, आकाश यांचा प्रत्येकी एक अष्टमांश. बाकीच्या चार तत्त्वांचेही असेच.

हे वाचताना तुमचे डोके थोडे गरगरले असेल. आता वहीत पाच उभे आणि पाच आडवे रकाने आखा. डाव्या बाजूस खाली खाली पाच स्थूल तत्त्वांची नावे लिहा आणि वरच्या बाजूस त्याच क्रमाने पाच सूक्ष्म तत्त्वांची. प्रत्येक घरात त्याचा हिस्सा लिहा. पंचवीस घरे भरली की एका दृष्टिक्षेपात दिसेल की ‘एक द्वितीयांश’ हा आकडा वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत तिरक्या रेषेत उतरला आहे आणि बाकीच्या वीस घरांत सर्वत्र ‘एक अष्टमांश’ आहे. कोणतीही ओळ बेरजेस घेतली तरी उत्तर एकच येते. परिच्छेदात ही तिरकी रेषा होतीच, पण ती दिसत नव्हती. कोष्टकाने नवीन काही सांगितले नाही. जे होते ते दाखविले.

यावरून पहिला नियम निघतो. जेथे अनेक वस्तूंची अनेक गुणांनी तुलना करावयाची आहे, तेथे परिच्छेद लिहू नये; कोष्टक आखावे. पंपाची अश्वशक्ती, नळाचा व्यास, पाण्याची उंची आणि मिळणारे पाणी यांची माहिती वाक्यांत कोंबणे म्हणजे पासोडी गुंडाळून ठेवण्यासारखेच आहे.

३. रेषेची भाषा

दुसरे उदाहरण यंत्रांच्याच जगातील आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार होण्याच्या इच्छेने ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. परंतु काही रंगांतील भेद आपल्या डोळ्यांना कळत नाही, असे त्यांच्या ध्यानी आले. रंगांचा मार्ग बंद झाला तेव्हा त्यांनी यांत्रिक रेखनाचा अभ्यास केला आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकविला. १९०३ साली त्यांचा लोखंडी नांगर तयार झाला आणि १९१० साली आजच्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी वसली.

यांत्रिक रेखनात रंगांवाचून काम भागते, कारण तेथे रेषेलाच अर्थ दिलेला असतो. ठळक सलग रेषा म्हणजे दिसणारी कड. तुटक रेषा म्हणजे मागे किंवा आत लपलेली कड. एक लांब आणि एक आखूड असे तुकडे असलेली बारीक रेषा म्हणजे मध्यरेषा. एकच वस्तू समोरून, वरून आणि बाजूने पाहून तीन चित्रे काढतात. ही चित्रे कोणती कोठे ठेवावयाची, याच्या दोन पद्धती आहेत: आपल्याकडे पहिल्या कोनाची पद्धत शिकवितात, अमेरिकेत तिसऱ्या कोनाची. गोंधळ होऊ नये म्हणून कागदाच्या कोपऱ्यात छाटलेल्या शंकूची एक लहानशी खूण काढतात. ती पाहताच जाणकाराला कळते की कोणत्या पद्धतीने वाचावयाचे. भारतीय मानक ब्यूरोने शाळा-महाविद्यालयांतील अभियांत्रिकी रेखनासाठी १९८८ साली एक स्वतंत्र पुस्तिकाच काढली, यावरून या शिस्तीचे महत्त्व ध्यानात यावे. माप, एकक, प्रमाण, तारीख, काढणाऱ्याचे व तपासणाऱ्याचे नाव या साऱ्यांना आराखड्यावर ठरलेली जागा असते. पट्टीने चित्र मोजू नये, लिहिलेले माप प्रमाण मानावे, असाही संकेत आहे; कारण कागद आक्रसतो, आकडा आक्रसत नाही.

लक्ष्मणरावांच्या उदाहरणातून दुसरा नियम मिळतो. केवळ रंगावर विसंबून महत्त्वाची गोष्ट सांगू नये. तांबडा आणि हिरवा यांतील भेद न कळणारी माणसे, विशेषतः पुरुष, आपल्या अवतीभवती असतात. अनेकांना ते स्वतःलाही ठाऊक नसते. त्यातच दिवेलागणीच्या वेळी सगळेच रंग काळवंडतात. कित्येक देशांत जमिनीशी जोडावयाच्या विजेच्या तारेला हिरव्यावर पिवळा पट्टा देतात. त्या पट्ट्यामुळे रंग न ओळखणाऱ्यालाही ती तार ओळखता येते. तात्पर्य, ‘हिरवे बटण दाबा’ एवढेच न लिहिता ‘चालू असे लिहिलेले वरचे हिरवे बटण दाबा’ असे लिहावे. तीन खुणांपैकी एक हुकली तरी दोन उरतात.

४. एक लोहमार्ग, दोन नकाशे

चित्र अचूक असले म्हणजे ते चांगले असतेच, असे नाही. बीदर ते कलबुर्गी हा लोहमार्ग २०१७ साली पूर्ण खुला झाला. समजा, त्याचा नकाशा काढावयाचा आहे. ज्याला रूळ सांभाळावयाचे आहेत त्या इंजिनिअरला चढ किती, वळण किती, पूल कोठे, अंतर किती हे सर्व अचूक हवे. बीदरहून हुमनाबादमार्गे कलबुर्गीस आणि तेथून वाडी जंक्शनला जाणाऱ्या प्रवाशाला मात्र स्थानकांचा क्रम आणि गाडी बदलण्याची जागा एवढेच हवे. वळणे दाखविली तर त्याला त्यांची अडचणच होईल.

लंडनमध्ये भुयारी रेल्वेचे जुने नकाशे भूगोलाला धरून काढलेले असत. त्यामुळे शहराच्या मध्यभागी नावांची दाटी होई आणि बाहेर कागद रिकामा राही. हॅरी बेक नावाच्या एका आराखडे काढणाऱ्याने विजेच्या जोडण्यांच्या आकृतीसारखा सरळ, उभ्या, आडव्या आणि तिरप्या रेषांचा नकाशा तयार केला. तो १९३३ साली छापला गेला आणि लोकांनी तो उचलून धरला. त्यात अंतरे खरी नव्हती. पण प्रवाशाच्या प्रश्नाचे उत्तर खरे होते.

म्हणून तिसरा नियम: चित्र काढण्यापूर्वी ‘हे कोणी, कोणत्या कामासाठी पाहावयाचे?’ असे स्वतःला विचारावे. दुरुस्ती करणाऱ्यासाठी काढलेली पंपाच्या अंतर्भागाची आकृती शेतकऱ्याच्या पुस्तिकेत पहिल्या पानावर छापणे ही विद्वत्ता नव्हे, अनास्था होय.

५. मराठी वाक्याची एक खोड

आता भाषेकडे येऊ. आपल्या मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि नकार त्याच्याही शेवटी. ‘पंप रिकामा असताना स्टार्टरचे बटण दाबू नये’ हे वाक्य मोठ्याने वाचले जात आहे अशी कल्पना करा. ‘बटण दाबू’ येथपर्यंत ऐकताच उतावळ्या माणसाचे बोट पुढे सरसावते. ‘नये’ हा शब्द पोहोचेपर्यंत उशीर झालेला असतो. कथा-कादंबरीत ही रचना गोड वाटते. यंत्रापुढे ती घातक ठरू शकते. यावर उपाय दोन. एक, नकार टाळून होकारार्थी आज्ञा द्यावी: ‘आधी पंप पाण्याने भरा. मग बटण दाबा.’ दुसरा, जेथे मनाईच करावयाची तेथे ‘सावधान’ हा शब्द आरंभी, ठळक अक्षरांत घ्यावा आणि त्याखाली एकच वाक्य लिहावे.

‘खात्री केली जावी’, ‘चालविला जाऊ नये’ अशी वाक्ये शक्य तो टाळावीत. खात्री कोणी करावयाची, हे त्यांत सांगितलेलेच नसते. एका वाक्यात एकच कृती असावी आणि कृतींना क्रमांक द्यावेत. अट असेल तर ती आधी यावी: ‘पाणी न आल्यास पंप लगेच बंद करा.’ हे एक वाक्य त्या पुस्तिकेच्या चौथ्या पानावर असते, तर त्या घरचा हरभरा वाळला नसता.

शब्दांविषयीही एक गोष्ट सांगावयाची आहे. नळाच्या तळाशी, पाण्यात बुडालेली जी झडप असते, तिला पुस्तिकेत ‘पादझडप’ म्हटले होते. शब्द निर्दोष आहे. परंतु तो आमच्या विद्यार्थ्याने किंवा त्याच्या वडिलांनी कधी ऐकला नव्हता. इंग्रजी ‘फूट व्हॉल्व्ह’ला शेतकरी सर्रास ‘फुटबॉल’ म्हणतात. शुद्धतेच्या अभिमान्यांना हसू येईल. पण दुकानात ‘फुटबॉल द्या’ म्हटले की योग्य वस्तू हाती येते. परिभाषा घडविणे हे मोलाचे काम आहे आणि पाठ्यपुस्तकांत तिचे स्थान अढळ आहे. तथापि विहिरीवरच्या कागदात रूढ शब्द आधी द्यावा. वाटल्यास पारिभाषिक शब्द सोबत ठेवावा. एकदा जो शब्द घेतला तोच शेवटपर्यंत चालवावा. निबंधात एकाच वस्तूला तीन नावे देणे हे शब्दवैभव ठरते. यंत्राच्या कागदात वाचकाला त्या तीन वस्तू वाटतात.

माझी घरची बोली कोंकणी. ती कोणी देवनागरीत लिहितो, कोणी कन्नड लिपीत, कोणी रोमन लिपीत. एकच शब्द तीन वेषांत पाहत मी लहानाची मोठी झाले. त्यामुळे एक गोष्ट मनात ठसली आहे: शब्द कितीही बरोबर असला तरी वाचकाने तो ओळखला नाही, तर तो त्याच्यापुरता नाहीच.

६. अक्षर, आकडा आणि मोकळी जागा

देवनागरीत मात्रा, वेलांट्या आणि रफार वर जातात, उकार खाली येतात. दोन ओळी जवळजवळ छापल्या तर वरचे उकार आणि खालच्या मात्रा एकमेकांत घुसतात. म्हणून कागद वाचविण्यासाठी ओळी दाटू नयेत. फार लांब ओळही नको. तिच्या टोकाहून परत येताना डोळा चुकतो. महत्त्वाच्या सूचनेभोवती मोकळी जागा सोडावी. ठळक अक्षरे मोजकीच वापरावीत. सारेच ठळक केले की काहीच ठळक राहत नाही.

अक्षरांच्या सारखेपणाने काय घोटाळा होतो, हे जुन्या ‘ख’वरून कळते. त्याचे दोन भाग सुटे छापले की तो ‘रव’ असा वाचला जाई, आणि ‘खा’ व ‘रवा’ यांत फरक उरत नसे. लखनौ येथे १९५३ साली भरलेल्या लिपी-सुधारणा परिषदेत ‘ख’चे दोन भाग खाली जोडून लिहावेत, असे ठरले. बारीक टायपात १ आणि ९ यांचीही अशीच गल्लत होते. अर्धा सांगताना नुसते ‘.५’ लिहू नये; ठिपका पुसला गेला तर अर्ध्याचे पाच होतात. ‘०.५’ लिहिले म्हणजे आरंभीचे शून्य वाचकाला सावध करते.

आकड्यापुढे एकक लिहिणे तर कधीच चुकवू नये. १९९९ साली अमेरिकेचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान मंगळापाशी पोहोचताच नष्ट झाले. एका गटाच्या संगणकाने रेट्याची आकडेमोड इंग्रजी पद्धतीच्या पौंडांत दिली होती आणि दुसऱ्या गटाने तेच आकडे मेट्रिक पद्धतीच्या न्यूटनमध्ये आहेत असे धरले. गणिते करणारे सारे तज्ज्ञ होते. तरीही आकडा एका हातातून दुसऱ्या हातात जाताना त्याचे एकक बरोबर गेले आहे की नाही, हे कोणी वेळीच पाहिले नाही. विहीर असो वा मंगळ, कागदाचा धर्म एकच.

७. आमच्या वर्गाचा प्रयोग

एवढे शिकल्यावर नववीच्या मुलांनी शाळेच्या टाकीवरील पंपासाठी सूचनांचा एक फलक तयार करावयाचे ठरविले. माहिती विज्ञानाच्या सरांकडून तपासून घेतली. प्रमुख म्हणून मी त्याच विद्यार्थ्याला नेमले. तो प्रथम तयार होईना. मी म्हटले, ‘या कागदाची चूक तुझ्याइतकी कोणाला ठाऊक आहे?’

पहिला मसुदा झाल्यावर आम्ही शिपाईमामांना बोलाविले. मामांची भाषा कन्नड. मराठी ते सफाईने बोलतात, पण वाचीत नाहीत. त्यांना फक्त चित्रे दाखविली आणि मुलांनी एक शब्दही बोलावयाचा नाही, असा नियम केला. मामा पहिल्याच चित्रापाशी थांबले. पाणी भरण्याच्या नरसाळ्याचे चित्र होते, पण बाण नव्हता. पाणी आत ओतावयाचे की बाहेर काढावयाचे हे कळेना. पुढे ‘वरची चावी’ असे लिहिलेल्या चित्रापाशी त्यांनी पंपाकडे बोट दाखविले: वर चाव्या दोन होत्या. मुलांना हसू आले. मग ती गप्प झाली. मामा चुकले नव्हते. फलक चुकला होता.

दुसऱ्या मसुद्यात बाण आले. चित्रातील ‘क’ हे अक्षर खऱ्या चावीवरही रंगाने लिहिले. अखेर फलक असा सिद्ध झाला:

१. फुटबॉल पाण्यात बुडाला आहे, हे पाहा.
२. नरसाळ्यातून पाणी ओता. नरसाळे काठोकाठ भरेपर्यंत ओतत राहा.
३. नरसाळ्याची तोटी बंद करा.
४. बाहेर जाणाऱ्या नळाची चावी ‘क’ बंद करा.
५. ‘चालू’ लिहिलेले वरचे हिरवे बटण दाबा.
६. चावी ‘क’ हळूहळू उघडा.
७. पाणी न आल्यास ‘बंद’ लिहिलेले खालचे तांबडे बटण लगेच दाबा. पुन्हा क्रमांक १ पासून पाहा.

या वेळी मामांनी कोणाला काही न विचारता पंप सुरू केला. टाकीत पाण्याची धार पडली तेव्हा मुलांनी टाळ्या वाजविल्या. त्यांनी फलकाची एक प्रत आपल्या मित्राच्या विहिरीवरही नेऊन लावली. लावण्यापूर्वी त्या मुलाने ती वडिलांना आणि जमलेल्या शेजाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखविली. आता तो वर्गातही वाचतो.

मित्रांनो, वाचणारा अडला की त्याला अडाणी ठरविणे सोपे असते. लिहिणाऱ्याने मात्र प्रथम आपले पान तपासावे. यंत्राचा कागद हा यंत्राचाच एक भाग आहे. तो सदोष असेल तर यंत्र सदोष आहे. आणि कागद बरा की वाईट, याची कसोटी एकच: तो लिहिणाऱ्याच्या अनुपस्थितीत, ज्याला यंत्राची माहिती नाही अशा माणसाच्या हातून काम बिनचूक करवून घेतो की नाही.

स्वाध्याय

१. घरातील कोणत्याही यंत्राची पुस्तिका घ्या. सर्वांआधी करावयाची कृती कितव्या पानावर आहे, ते शोधा.
२. प्रेशर कुकर वापरण्याच्या सूचना क्रमांक देऊन, एका वाक्यात एकच कृती, अशा लिहा. त्या घरातील अशा व्यक्तीकडून तपासून घ्या, जिने कुकर कधी लावलेला नाही. तपासणी गॅस न पेटविता करावी आणि घरातील मोठे माणूस जवळ असावे.
३. आपल्या गावाहून शाळेपर्यंतच्या वाटेचे दोन नकाशे काढा: एक नव्या पाहुण्यासाठी, एक रस्ता दुरुस्त करणाऱ्यासाठी. दोहोंत काय गाळले आणि का, ते चार ओळींत लिहा.